तो शब्द इंदू मोठ्यानं उच्चारायची

इंदू गेल्याची बातमी तिच्या धाकट्या भावानं आणली. मी शाळेत आठवीच्या मुलींना समास शिकवत होते आणि दसरू वर्गाच्या दाराशी येऊन उभा राहिला. मासे धरणाऱ्या माणसाचे हात कधी रिकामे नसतात, काही ना काही विणत, सोडवत असतात. त्या दिवशी ते नुसते लोंबत होते. "बाई, ताई गेली जी..." एवढंच तो म्हणाला. आदल्याच आठवड्यात मी तिला नागपूरच्या दवाखान्यात भेटून आले होते. किडन्या निकामी झाल्या होत्या, चेहरा सुजला होता, तरी नर्सशी तिचं भांडण चालूच होतं. खाटेवरच्या पाटीवर नर्सनं 'कुमारी' लिहिलं होतं आणि पीएच.डी.चं 'डॉक्टर' लिहिलं नव्हतं. "मरनार तं आहोच, पन पुऱ्या नावानं मरीन न," इंदू मला म्हणाली. मी हसले, तीही हसली, आणि नर्सनं शेवटी खडू आणून पाटी बदलली.

पंधरवड्यानं ती शिकवत होती त्या कॉलेजात शोकसभा झाली. कॉलेजचं नाव घेत नाही. आमच्या साकोलीहून बसनं फार लांब नाही, एवढं पुरे. संस्थेचे सचिव बोलले. इंदूबाई अतिशय सोज्वळ होत्या, मितभाषी होत्या, संस्थेच्या शिस्तीत वागणाऱ्या होत्या, त्यांनी माशांवर काही संशोधन केलं होतं... मी दुसऱ्या रांगेत बसले होते. माझे यजमान शेजारी. ते हळूच म्हणाले, "हे कोणाबद्दल बोलून राहिले?" खरोखर, कोणाबद्दल? इंदू मितभाषी नव्हती, सोज्वळ हा शब्द तिला शिवीसारखा लागला असता, आणि शिस्तीत वागण्याबद्दल तर त्याच सचिवांनी तिला काढायला घेतलं होतं. माशांच्या नेमक्या कशावर तिनं आयुष्य घातलं, हे तासाभरात एकाही वक्त्यानं सांगितलं नाही, कारण तो शब्द सभेत उच्चारायचा नव्हता. म्हणून मी तो इथं सुरुवातीलाच लिहून टाकते. शुक्राणू. इंदूनं शुक्राणूंवर काम केलं. घरी आल्यावर मी यजमानांना विचारलं, खरं काय ते लिहू का? त्यांच्याशिवाय ते लिहिता येणार नव्हतं. ते म्हणाले, "लिही. माझंही लिही. नाही तर अर्धंच होईल."

आमची ओळख नागपूरच्या मुलींच्या वसतिगृहातली. सत्तरचं दशक नुकतं लागलं होतं. मी मराठी घेऊन बी.ए. करत होते, ती बी.एस्सी. दोघी भंडारा जिल्ह्यातल्या, म्हणून आम्हाला एका खोलीत घातलं. माझ्या माहेरी धानाची शेती, ती ढिवराची मुलगी, वडील गावच्या तलावात जाळं टाकायचे. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या खोलीतली एक मुलगी नाक दाबून म्हणाली, इथं मासळीचा वास येतो. इंदू पलंगावरून उठली आणि तिच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली. "येते न. मायाच वास येते. आनखी जवळ ये, चांगला घे." ती मुलगी पुढे कितीतरी दिवस आमच्याकडे फिरकली नाही. परीक्षा जवळ आल्यावर मात्र प्राणिशास्त्र समजून घ्यायला त्याच खोलीत येऊन बसू लागली, आणि इंदूनं तिला समजावलंही. इंदूचा राग तसाच होता. समोर उभा राहायचा, मागून घाव घालायचा नाही.

एम.एस्सी.ला असताना तिला तिचा विषय सापडला. माझ्यासारख्या मराठीवालीला कळेपर्यंत ती तो सांगत राहायची. "हे पाय," ती म्हणायची, "अंगातल्या एकेका पेशीत हा लांबच लांब धागा असते, डीएनए. हिस्टोन नावाच्या प्रथिनायच्या रिळांवर थो गुंडाळून ठेवला असते, म्हनजे लागन तेव्हा उकलता येते. पन शुक्राणूले दूर जाचं असते अन् त्याचं डोकं मोहरीच्या दान्याहून कितीतरी बारीक. मंग थो रिळं काढून फेकते, अन् प्रोटामिन नावाचं एक लहानसं प्रथिन येऊन त्या धाग्याले करकचून आवळते. इतकं, का आतलं एक अक्षर वाचता येनार नाही. अंड्यात पोचल्यावरच थो गठ्ठा सुटते." मी म्हटलं, म्हणजे गावाला जाताना वळकटी बांधतात तसं. "तसंच. पन गंमत आयक. सारेच असे आवळत नाही. काही जनावरं जुन्या रिळांवरच काम भागवते. काहून? मले हेच पायजे, काहून!"

त्या 'काहून'साठी, त्या एका 'का'साठी ती नागपुरातली चांगली नोकरी सोडून इकडे आली. तलाव इकडे होते. मासे विणीला आले की ती भावाबरोबर तलावाच्या पाळीवर, बांधावर असायची, साडीचा काष्टा मारून, गुडघाभर पाण्यात. कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेच्या पट्ट्यांवर ती त्या पेशी पसरायची, गरम आम्लात धुवायची आणि मग एक हिरवा रंग सोडायची. जिथं हिस्टोन शिल्लक असतील तिथं शुक्राणूचं डोकं हिरवं दिसायचं. जिथं प्रोटामिन आलं असेल तिथं हिरवा रंग धरायचाच नाही. मी तिच्या सूक्ष्मदर्शकातून ते पाहिलं आहे. रोहू माशाच्या शुक्राणूचं डोकं शेवटपर्यंत हिरवं. कोंबड्याचं नाही. आणि तलावाच्या एकाच पाळीवर राहणारे दोघं, मोठा हिरवा बेडूक आणि तो खडबडीत पाठीचा टोड, त्यांच्यात बेडूक हिरवा रंग धरायचा आणि टोड सोडून द्यायचा. प्रोटामिन हे हिस्टोनच्याच कुळातल्या कुठल्याशा जुन्या प्रथिनापासून बदलत बदलत आलं असावं, असं तेव्हा बाहेरची मोठी माणसं म्हणू लागली होती. इंदूला दिसत होतं की ते बदलणं सरळ एका रेषेत झालेलं नाही. एका घराण्यात झालं, शेजारच्यात झालं नाही, तिसऱ्यात निराळ्याच तऱ्हेनं झालं.

मी एकदा सहज विचारलं, म्हणजे टोड हा बेडकापेक्षा वरचा म्हणायचा का? ती केवढी भडकली! "वरचा-खालचा काहून करून राहिली तू? एकानं जुनं ठेवलं, एकानं बदलवलं. दोघायचेही लेकरं पान्यात पोहूनच राहिले न? शिडी मानसाच्या डोक्यात असते, तलावात नसते." ढिवराच्या मुलीला शिडी हा शब्द का सोसत नव्हता, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

कॉलेजात पहिली कुरबुर सुरू झाली ती कुणीतरी तिच्या टेबलावरच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचल्या तेव्हा. सचिवांनी बोलावलं. तिथलं बोलणं तिनं मला त्याच संध्याकाळी जसंच्या तसं करून दाखवलं, त्यांचा घोगरा आवाजही काढून. "संशोधन करा हो इंदूबाई, कोण नाही म्हणतं? पण माशांचं पचन वगैरे करा. लग्न न झालेल्या बाईनं हे असलं..." इंदू म्हणाली, "म्हणजे लग्न झालेल्या बाईला चालेल?" सचिव म्हणाले, "तसं नव्हे, कोणत्याच बाईला..." "मग लग्नाचं कशाला काढलं, सर?" दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकांच्या कपाटाला कुलूप लागलं. तासापुरतं उघडायचं, पुन्हा बंद. इंदू रडली नाही. नागपूरला तिच्या मार्गदर्शक सरांकडे गेली, विभागात धूळ खात पडलेला एका नळीचा जुना सूक्ष्मदर्शक मागितला आणि तो एस.टी.त मांडीवर घेऊन परत आली. भाड्याच्या घरातली मागची खोली तिनं रिकामी केली. खिडकीतला उजेड आरशावर घ्यायचा आणि काम करायचं. ज्या दिवशी आभाळ भरून यायचं त्या दिवशी तिच्या तोंडी लागण्यात अर्थ नसे.

आता माझं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. सासरी धानाची गिरणी, एकुलता मुलगा. सासूबाईंनी नवस केले, मला गंडे बांधले, डॉक्टरांनी माझ्या नाना तपासण्या केल्या, आणि कशातच काही निघालं नाही. शेवटी एका डॉक्टरांनी यजमानांचीही तपासणी करायला लावली. शुक्राणूंची संख्या चांगली, हालचाल चांगली. झालं. सासूबाईंनी तो कागद साऱ्या आळीत वाचून घेतला. माझ्या पोरात खोट नाही, हे आता सरकारी शिक्क्यानं सिद्ध झालं म्हणाल्या. सोडचिठ्ठीची भाषा सुरू झाली. पवनीकडची एक मुलगीसुद्धा बघून ठेवली होती. यजमान घरात मान खाली घालून जेवायचे आणि उठून गिरणीत जायचे. मी इंदूकडे गेले आणि तिच्या त्या मागच्या खोलीत बसून खूप रडले. तिनं रडू दिलं. मग विचारलं, "संख्या चांगली, हालचाल चांगली. अन् आतमंधी काय आहे, थे कोनं पायलं?" मला कळलं नाही. "अवो, गाडी धावते, माहीत झालं. गाडीत माल कसा भरला हाय, थे पायलं का कोनं? भाऊजीले आन. तूच एकटी काहून तपासत राहशीन?"

यजमानांना हे सांगणं मला जड गेलं आणि त्यांना ऐकणं त्याहून. दोन दिवस ते गिरणीतच जेवले. तिसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच निघाले, खिशात एक छोटी बाटली, आणि इंदूच्या दारात डोळे वर न करता ती पुढे केली. इंदूनं जणू कुणी दुधाचा नमुना आणून द्यावा तशी ती घेतली. "बसा भाऊजी. चहा घ्या. याले वेळ लागते." त्यानंतर तिनं आम्हाला बोलावलं तेव्हा टेबलावर दोन काचा होत्या. एक यजमानांची. दुसरी कुणाची ते तिनं सांगितलं नाही. "चार लेकरायचा बाप हाय, बस." आधी ती दाखवली. तुरळक एखादं डोकं हिरवं, बाकी सगळी फिकी. मग आमची. यजमान नळीवर वाकले ते बराच वेळ वर आलेच नाहीत. मी त्यांच्यामागून पाहिलं. शेवाळलेल्या पाण्यात पाहावं तसं... हिरवं, हिरवं, हिरवं.

इंदू तेव्हा जे बोलली त्यासाठी मी तिला आयुष्यभर मानत आले. ती म्हणाली, "आयका. मी डॉक्टर नाही. यामुळंच लेकरू होत नाही, असं मी म्हनू शकत नाही. हे काम नवं हाय, कोनालेच पुरं माहीत नाही. जुनी रिळं निघाली नाही, धागा नीट आवळल्या गेला नाही, एवढं दिसते. पन एक मी छातीठोक सांगतो. खोट बाईचीच हाय, असं आता कोनी म्हनू शकत नाही." आमच्या झाडीपट्टीतल्या कितीतरी बायका बोलताना 'सांगतो', 'करतो' म्हणतात. त्या दिवशी तो क्रियापदाचा शेवट मला पहिल्यांदा इतका गोड लागला. यजमान सरळ घरी गेले, आईसमोर बसले आणि म्हणाले, "आई, पवनीवाल्यायले निरोप पाठव. माया मनातून तं थे कधी नव्हतंच, आता तोंडानं सांगतो. दोष माया असू शकते." सासूबाई इंदूच्या नावानं बोटं मोडत राहिल्या. ढिवराची पोर, तिनं माझ्या वाघासारख्या पोराला असलं काही पाहायला लावलं, म्हणून. पण पवनीला निरोप गेला.

त्याच वर्षी कॉलेजात भडका उडाला. अभ्यासक्रमात प्रजननाचा धडा होता. आधीचे सर तो 'घरी वाचा' म्हणून सोडून द्यायचे. इंदूनं तो पूर्ण शिकवला, मुलांना आणि मुलींना एकाच वर्गात, फळ्यावर मोठं चित्र काढून आणि एकेक शब्द स्पष्ट उच्चारून. मुलींना तिनं ते चित्र वह्यांत काढायला लावलं. वह्या घरी गेल्या, आणि पुढच्याच रविवारी पालकांची सभा बोलावण्यात आली. सचिवांनी प्रस्ताव आधीच लिहून आणला होता: इंदूबाईंना सेवेतून मुक्त करावं. मंडप भरला होता; पालक नसूनही आम्ही दोघं इंदूसाठी गेलो होतो. एकजण उठून म्हणाला, आमच्या मुली इथं संस्कार शिकायला येतात. दुसऱ्यानं तिच्या जातीवरून काहीतरी टोमणा मारला आणि लोक हसले. इंदू मंचाच्या एका कडेला उभी होती. तिला खुर्ची दिली नव्हती. ती म्हणाली, "शब्द घाण नाही. तो लपवल्यामुळं काय होते, ते घाण आहे. तुमच्या गावात मूल नाही म्हणून किती बायका टाकल्या, ते सांगा. त्यातल्या कितीच्या नवऱ्याला कुणी एकदा तरी विचारलं, तेही सांगा." गलका झाला. बसा खाली, बाहेर काढा, असे आवाज उठले.

आणि माझे यजमान उठले. मला कल्पना नव्हती. गिरणीमुळं त्यांना सगळे ओळखत, निम्म्या मंडपाचं धान आमच्याच गिरणीत येत असे. ते मोठ्या आवाजाचे गृहस्थ नाहीत, त्यामुळं लोकांनाच गप्प व्हावं लागलं. ते म्हणाले, "मले लेकरू नाही, थे तुमाले सगळ्यायले माहीत आहे. माया बायकोले तुमी काय काय म्हटलं, थे बी माहीत आहे. माया शुक्राणूत दोष असू शकते. हे मले या बाईनं दाखवलं." मग चारी बाजूंना पाहत म्हणाले, "हे आयकाले तुमाले लाज वाटून राहिली असन, तं सांगाले मले किती वाटत असन, याचा हिसाब करा. तरी सांगतो. या बाईले काढाचं असन तं पहिले कोनीतरी समोर या, अन् सांगा का इनं खोटं काय शिकवलं. खोटं. घाण नाही, खोटं." कुणी पुढे आलं नाही. मागच्या बाजूला बायका बसल्या होत्या. त्यांच्यातली एक म्हातारी उठली आणि "शिकवू द्या वो तिले," एवढं म्हणून पुन्हा बसली. सचिवांनी चष्मा पुसला. प्रस्ताव पुढच्या बैठकीत घेऊ म्हणाले. ती बैठक कधी झालीच नाही.

त्या सभेनं सगळं सुरळीत झालं असं कुणी समजू नये. कपाटाचं कुलूप निघालं, पण तिची बढती अडवली गेली ती अडवलेलीच राहिली. यजमानांना बाजारात काही दिवस तोंडावर हसलं गेलं. आम्हाला मूल झालं नाही. सासूबाई शेवटपर्यंत इंदूच्या हातचं पाणी प्यायल्या नाहीत. ऐंशीनंतर एका मोठ्या शहरातल्या परिषदेत तिनं आपलं काम मांडलं, तेव्हा अध्यक्षस्थानी असलेले गृहस्थ म्हणाले, बाई, रंग देऊन पाहण्याचे दिवस गेले, आता जग प्रोटामिनमधली एकेक कडी वाचत आहे. इंदू म्हणाली, "वाचू द्या. पण कुणाची वाचत आहेत? परदेशातल्या सॅमन माशाची, बैलाची, कोंबड्याची. आमच्या तलावात जे आहेत त्यांना अजून कुणी विचारलं नाही. मी विचारते आहे." त्या गृहस्थांनी दुसऱ्या वक्त्याचं नाव पुकारलं. मी सोबत गेले होते, परत येताना तिला विचारलं, वाईट वाटलं का. "वाटलं न. पन उत्तर दिल्यावर कमी झालं," म्हणाली. पीएच.डी. उशिरा मिळाली, पण मिळाली, आणि बेडूक-टोडांवरचा तिचा निबंध परदेशी नियतकालिकात छापून आला. त्यावर पत्ता तिनं आपल्या गावाचा घातला होता. शोकसभेत तोच निबंध फुलांच्या हारात ठेवला होता, मिटलेला.

त्या पालकसभेनंतर मात्र एक झालं, आणि त्याचा उल्लेखही सचिवांनी केला नाही. बायका तिच्याकडे येऊ लागल्या. आधी एखादी, पदर ओढून, मागच्या दारानं. पुढे दर रविवारी. साकोलीच्या, लाखनीच्या, पार तिकडे चिखल्याच्या खाणीवरच्या सुद्धा. इंदू औषध देत नसे, उपचाराचं आश्वासन देत नसे. कुठल्या डॉक्टराकडे जायचं ते सांगायची, कधी स्वतः सोबत जायची. पण नवऱ्याला घेऊन आल्याशिवाय ती एका बाईशी एक शब्द बोलत नसे. पुरुष आला की त्याला ती खिडकीजवळच्या स्टुलावर बसवायची, उजेडाकडे तोंड करून, आणि बायकोला खुर्ची द्यायची. कुणी कुरकुरलाच तर म्हणायची, "आतापर्यंत तीच उजेडात होती. आता तुमी बसा."

तेरवीनंतरच्या रविवारी दसरू आणि मी ती खोली आवरायला गेलो होतो. काचांच्या पेट्या नागपूरला पाठवायच्या होत्या. तेवढ्यात दारात एक बाई आली, मागे तिची सून, डोळे जमिनीला खिळलेले. "इंदूबाई आहेत काय जी? दुरून आलो." मी सांगितलं. बाईच्या तोंडाला पदर गेला, ती सुनेला घेऊन वळली. मला त्या मुलीची पाठ दिसली आणि मी म्हटलं, "थांबा. मुलगा कुठं आहे?" "थो बाहेर हाय, रस्त्यावर. त्याचं इथं काय काम?" मी दसरूकडे पाहिलं. तो बाहेर गेला आणि एका उंच, घाबरलेल्या तरुणाला खांद्याला धरून घेऊन आला. दोघी बायकांना मी खुर्च्या दिल्या. खिडकी बंद होती, ती सताड उघडली. स्टूल पुढे ओढलं आणि त्या मुलाला म्हटलं, "ये बापा. इकडे, उजेडात बस."